पाचवे चाक आणि चाळीस इंच

उन्हाळ्याच्या सुटीत अमेरिकेच्या महामार्गांवरून जाताना एक वाहन हमखास नजरेस पडते. पुढे धिप्पाड पिकअप ट्रक आणि त्याच्या उघड्या हौद्यात आपला पुढचा भाग टेकवून मागोमाग निघालेले, तीस-पस्तीस फूट लांबीचे चाकांवरचे घर. झोपण्याची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर असे सारे काही त्यात असते. या घराला तिकडे 'फिफ्थ व्हील', म्हणजे शब्दशः 'पाचवे चाक', असे म्हणतात. मुलांकडे अमेरिकेत गेलेल्या आपल्याकडील आईवडिलांना या वाहनाचे मोठे कुतूहल वाटते. एवढे घर ट्रकच्या मागे नव्हे, तर ट्रकच्या पाठीवरच जोडलेले पाहून मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की वळताना या घराचा कोपरा ट्रकच्या केबिनवर आदळत कसा नाही?

प्रश्न रास्त आहे, कारण तो आदळतो. आदळतो तेव्हा केबिनची मागची काच फुटते, छताची कड चेपते आणि घराच्या दर्शनी भिंतीला भगदाड पडते. मागच्या काचेला लागूनच ट्रकमधील मागचे आसन असते आणि त्यावर बहुधा मुले बसलेली असतात. हे टाळण्याचे गणित अवघड नाही. मात्र ते ट्रक आणि घर विकत घेण्यापूर्वी मांडावे लागते. नंतर मांडले तर उत्तर तेच येते, पण ते महाग पडते.

प्रथम या चमत्कारिक नावाविषयी. चार चाकांच्या घोडागाडीत पुढची आस वळावी म्हणून गाडीचा सांगाडा आणि ती आस यांच्यामध्ये एक लोखंडी चक्र आडवे बसविलेले असे. मुंबईत एकेकाळी धावणाऱ्या व्हिक्टोरियांमध्येही पुढची चाके वळत ती याच तत्त्वावर. आपल्या दोन चाकी बैलगाडीला त्याची गरजच नव्हती. बैल वळले की गाडी वळली. जमिनीला न टेकणारे हे आडवे चक्र म्हणजे घोडागाडीचे पाचवे चाक. पुढे मोटारीचा जमाना आला. १९१४ मध्ये डेट्रॉइटमधील ऑगस्ट फ्रुहाफ या लोहाराने एका लाकूड व्यापाऱ्याची होडी वाहून नेण्यासाठी फोर्डच्या मॉडेल टी मोटारीला जोडता येईल असा ट्रेलर तयार केला आणि त्याला 'सेमी-ट्रेलर' असे नाव दिले. पुढचे वजन ओढणाऱ्या वाहनावर आणि मागचे स्वतःच्या चाकांवर, ही त्यातली मुख्य कल्पना. विमानविद्येतील आद्य संशोधक ग्लेन कर्टिस यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस हीच कल्पना फिरत्या घराला लावली. त्यांच्या 'एरोकार'मध्ये मोटारीच्या मागच्या भागात विमानाचे रबरी चाक आडवे बसवून त्यात ट्रेलरचा खुंट अडकविलेला असे. नाव घोडागाडीचे, चाक विमानाचे आणि गाडी मोटारीची, असा तो संगम होता.

आजची जोडणी त्या मानाने साधी आहे. घराच्या पुढे आलेल्या भागाखाली 'पिन बॉक्स' नावाची मजबूत पोलादी पेटी असते आणि तिच्या तळाशी २ इंच, म्हणजे सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाचा एक खुंट. हाच 'किंगपिन'. ट्रकच्या हौद्यात जी बैठक बसवितात तिला 'हिच' म्हणतात. हिचच्या माथ्यावर घोड्याच्या नालाच्या आकाराची प्लेट असते, तिच्या खाचेतून किंगपिन आत सरकतो आणि पोलादी जबडा त्याला घट्ट धरतो. न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर घेऊन निघणाऱ्या ट्रेलरच्या ट्रकवर जी काळ्या ग्रीसने माखलेली प्लेट दिसते, तिचीच ही लहान बहीण. हिच हौद्याच्या पत्र्यावर नुसती ठेवून चालत नाही. ती थेट चासीला जखडलेली असावी लागते. जुन्या ट्रकमध्ये त्यासाठी हौद्यात दोन आडव्या पट्ट्या बोल्टने बसवितात. अलीकडच्या अनेक मोठ्या पिकअपमध्ये कारखान्यातच चासीला जोडलेली खोबणी हौद्याच्या तळाशी दिलेली असते.

आपल्याकडे 'पिकअप' म्हटले की भाजीपाला वाहणारी छोटी गाडी डोळ्यांपुढे येते. येथे ज्या पिकअपची गोष्ट आहे ती साडेसहा मीटरच्या आसपास लांब असते. पुढे चार दारांची केबिन आणि मागे हौदा. हौद्याची लांबी मुख्यतः दोन प्रकारची. एक ८ फुटांचा लांब हौदा, दुसरा साडेसहा फुटांच्या आसपासचा आखूड हौदा. साऱ्या प्रश्नाचे मूळ या दीड फुटात आहे.

हिच कुठे बसवावी याचा नियम सर्वमान्य आहे. किंगपिन मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा दोन-चार इंच पुढे यावा. लांब हौद्याच्या मोठ्या पिकअपमध्ये ॲक्सलपासून केबिनच्या मागच्या भिंतीपर्यंतचे अंतर साधारण ५६ इंच (१४२ सें.मी.) भरते. आखूड हौद्यात ते ४० इंचांवर (१०२ सें.मी.) येते. आता घराची रुंदी पाहा. अशी घरे ९६ इंचांपासून १०२ इंचांपर्यंत रुंद असतात. ९६ इंच धरले तरी किंगपिनपासून घराची बाजूची भिंत ४८ इंचांवर येते. ट्रक आणि घर यांच्यात काटकोन झाला, तर हीच भिंत केबिनच्या मागे आडवी उभी राहते. ५६ इंचांच्या जागेत ४८ इंच सुखाने मावतात. ४० इंचांच्या जागेत मावत नाहीत. येथे चालकाचे कौशल्य कामी येत नाही.

पण खरी गंमत, किंवा खरे संकट म्हणा, काटकोनाच्या आधीच येते. अनेक घरांची दर्शनी भिंत किंगपिनच्या बरीच पुढे आलेली असते. समजा, ती २० इंच पुढे आहे. मग किंगपिनपासून सर्वांत दूरचा बिंदू म्हणजे पुढचा कोपरा. शाळेतील पायथागोरसच्या प्रमेयाने २० आणि ४८ यांवरून हे अंतर काढले, तर ते नेमके ५२ इंच येते. कोपरा ५२ इंच त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो आणि साधारण ६७ अंशांच्या वळणावर तो केबिनच्या दिशेने सर्वाधिक पुढे येतो. लांब हौद्यातही मग ३-४ इंचच उरतात. किंगपिन ॲक्सलच्या २ इंच पुढे बसविला असेल तर जेमतेम २ इंच. आखूड हौद्यात मात्र ३० अंशही पूर्ण वळण्याआधी कोपरा केबिनला टेकतो. ३० अंश म्हणजे फार नव्हे. पेट्रोल पंपावर जरा घट्ट वळण घेतले तरी एवढा कोन सहज होतो.

यावर घर बनविणाऱ्यांनी काढलेला उपाय म्हणजे लांबविलेली पिन बॉक्स आणि गोलाई दिलेले किंवा कोपरे छाटलेले दर्शनी तोंड. पिन बॉक्स लांब केली की किंगपिन पुढे जातो आणि घर तेवढे मागे राहते. याने नक्कीच फरक पडतो, पण जाहिरातींतून भासतो तेवढा नाही. भिंत किंगपिनच्या बरोबर वर असेल, तर ४० इंचांच्या जागेत कोपरा सुमारे ५६ अंशांना टेकतो. भिंत किंगपिनच्या १० इंच मागे नेली तर सुमारे ६६ अंशांना. म्हणजे वाढीव १० इंचांनी १० अंशच पदरात पडले. छाटलेल्या कोपऱ्यांमुळे आणखी काही अंश मिळतात. पण काटकोनात ४८ इंचांची भिंत ४८ इंचच राहते. विक्रेत्याने 'हे घर आखूड हौद्याला चालते' असे सांगितले, की 'किती अंशांपर्यंत?' असा प्रतिप्रश्न विचारावा. नेमके उत्तर मिळाले नाही, तर टेप घेऊन स्वतः मोजावे.

लांब हौद्याचा ट्रक घेतला की प्रश्न संपला, असे कोणीही म्हणेल. तरीही लोक आखूड हौदाच पसंत करतात, आणि त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. हा ट्रक वर्षातून दोन-तीन आठवडे घर ओढतो. उरलेले वर्ष तो नोकरीला, बाजाराला, मुलांच्या शाळेला जातो. लांब हौद्याचा ट्रक घरच्या गॅरेजमध्ये शिरत नाही, बाजारातील वाहनतळावर रेषांबाहेर येतो. म्हणून ट्रक आधी, रोजच्या सोयीने घेतला जातो. घर नंतर, हौसेने. दोन्ही खरेदींमध्ये अनेकदा काही वर्षांचे अंतर असते आणि दोन्ही विक्रेते वेगळे असतात.

मालवाहू ट्रकच्या जगात हा घोळ होत नाही. युरोपीय संघाच्या १९९६ च्या निर्देशानुसार किंगपिनपासून सेमी-ट्रेलरच्या पुढच्या भागातील कोणताही बिंदू आडव्या रेषेत २.०४ मीटरपेक्षा दूर असता कामा नये. ट्रक बनविणारा तेवढी जागा मोकळी ठेवतो आणि ट्रेलर बनविणारा तेवढ्यात बसतो. कोणताही ट्रक कोणत्याही ट्रेलरला जोडला तरी कोपरा केबिनला लागत नाही. पिकअप आणि फिफ्थ व्हील या जोडीत मात्र हे काम मालकाच्या टेपवर सोडलेले आहे.

अपघात घडतो तो बहुतेक वेळा मागे घेताना. महामार्गावर ट्रक आणि घर यांच्यातील कोन काही अंशांचाच असतो, चौकात तो वाढतो. पण पुढे जाताना ओढ अशी असते की वाढलेला कोन आपोआप सरळ होत जातो. मागे घेताना याच्या उलट घडते. एकदा कोन पडला की तो वाढतच जातो आणि चालकाने वेळीच चाक फिरवून आवरला नाही, तर क्षणात काटकोनापर्यंत पोहोचतो. त्यातून चालकाची नजर अशा वेळी असते घराच्या मागच्या टोकाकडे, तिथल्या झाडाकडे किंवा विजेच्या खांबाकडे. मागे खाणाखुणा करणारी व्यक्तीही तिकडेच पाहत असते. आपल्या डोक्याच्या मागे चार बोटांवर आलेला पुढचा कोपरा कोणीच पाहत नाही.

शिवाय ज्या ठिकाणी घर मागे घ्यायचे, ती ठिकाणे या वाहनांसाठी आखलेलीच नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांतील आणि उद्यानांतील अनेक जुनी तंबू-मैदाने १९३० च्या दशकातील आहेत. वनखात्यातील वनस्पतिरोगतज्ज्ञ एमिलियो माइनिके यांच्या लक्षात आले होते, की मोटारी वाटेल तशा फिरविल्याने माती दबते, मुळे गुदमरतात आणि मोठमोठे वृक्ष वाळतात. त्यांनी एकेरी वाहतुकीचा वळणदार रस्ता, त्याला फुटलेले छोटे फाटे आणि गाडीने फाटा सोडू नये म्हणून कडेला रचलेले दगड व ओंडके, अशी रचना सुचविली. 'सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर'च्या बेरोजगार तरुणांनी ती ठिकठिकाणी प्रत्यक्षात आणली. झाडे वाचली, हे त्या योजनेचे मोठेच यश. पण ते फाटे त्या काळच्या मोटारींच्या मापाचे होते. पुढे-मागे मिळून पन्नास फुटांचे धूड आज तिथे मागे घालायचे, तर ट्रकला काटकोनात वळण्याखेरीज गत्यंतर नसते.

मग हिचच थोडी मागे का सरकवू नये? कारण वजन. घराच्या एकूण वजनाच्या १५ ते २५ टक्के भार किंगपिनवर येतो. १२ हजार पौंडांच्या (सुमारे ५,४०० किलो) घराचे २० टक्के धरले तर २,४०० पौंड. हा भार ॲक्सलच्या १२ इंच मागे टेकविला, तर १६० इंच अंतराच्या चाकांच्या तरफेने पुढच्या चाकांवरचा सुमारे १८० पौंड भार उचलला जातो. आकडा फार मोठा नाही, हे मान्य. पण खरा धोका आडव्या जोराचा आहे. बाजूने वारा आला किंवा घर हेलकावले, की ॲक्सलच्या मागे धरलेला किंगपिन ट्रकची शेपटी बाजूला ढकलतो आणि चालकाच्या हातातील चाक हलके पडते. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात हे परवडणारे नाही.

दोन्ही गरजा भागविण्यासाठी सरकती हिच निघाली. महामार्गावर ती ॲक्सलवर असते. घट्ट वळण घेण्यापूर्वी चालक खाली उतरतो, दांडा ओढून हिच मोकळी करतो, घराचे ब्रेक हाताने लावून ट्रक हळूच पुढे घेतो आणि हिच दहा-बारा इंच मागे सरकून तिथे अडकते. ४० चे ५०-५२ इंच होतात. काम झाले की उलट क्रमाने ती पुन्हा पुढे आणून पक्की करायची. यंत्र विश्वासाचे आहे; भरवसा नसतो तो माणसाचा. आठ तास गाडी चालवून, अंधारात, पावसात पोहोचल्यावर उतरून दांडा ओढण्याची आठवण राहावी लागते. आपोआप सरकणारी हिचही मिळते. पुलराइट कंपनीची 'सुपरग्लाइड' ही त्यांतली प्रसिद्ध. तिच्यात घर जसजसे वळते तसतशी हिच स्वतःच मागे जाते आणि सरळ झाल्यावर पुढे येते. ती वजनाला जड आणि किमतीला महाग आहे, शिवाय किंगपिनला एक खास प्लेट जोडावी लागते. तरीही आखूड हौदाच ठेवायचा असेल, तर प्रस्तुत लेखकाचे मत तिच्याच बाजूने आहे. विसरण्याजोगी गोष्ट यंत्रावर सोपविलेली बरी.

तिसरा मार्ग रीस कंपनीच्या 'साइडवाइंडर'चा. यात किंगपिन हिचमध्ये पाचर मारून पक्का करतात, तो फिरतच नाही. फिरण्याचा सांधा पिन बॉक्समध्येच सुमारे २२ इंच मागे दिलेला असतो. जागा भरपूर मिळते. मात्र आडवा जोरही त्या मागच्या सांध्यावरच येतो, हे लक्षात ठेवावे.

भाराचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट येथेच सांगायला हवी. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळी-पांढरी चिठ्ठी असते. त्या विशिष्ट ट्रकने माणसे आणि सामान मिळून किती वजन पाठीवर घ्यावे, हे तिच्यावर लिहिलेले असते. ट्रक किती 'ओढतो' याच्या जाहिराती होतात. किती 'उचलतो' हे या चिठ्ठीवर असते आणि फिफ्थ व्हीलच्या बाबतीत आधी संपतो तो बहुधा हाच आकडा. किंगपिनचा २,४०० पौंड भार, हिचचे स्वतःचे वजन, चार माणसे, अवजारांची पेटी आणि कुत्रा, हे सारे त्यातूनच वजा होते.

कोपऱ्याइतकीच, पण कमी चर्चिली जाणारी जागा म्हणजे घराचा तळ आणि हौद्याच्या कडा यांमधली. ती निदान साडेपाच-सहा इंच असावी, असा संकेत आहे. खाचखळग्यांच्या रस्त्यावर ट्रक एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला कलले, की ही जागा झपाट्याने कमी होते. अलीकडचे चारचाकी ओढीचे पिकअप इतके उंच झाले आहेत, की ही जागा राखायला गेले तर घराचे नाक वर होते आणि त्याच्या मागच्या ॲक्सलवर जादा भार पडतो. चढाचा परिणाम केबिनपाशीही होतो. रस्त्यावरून उंच आवारात शिरताना ट्रकचे तोंड घराच्या तुलनेत ५ अंश वर झाले, तर हिचच्या प्लेटपासून तीन फूट उंच असलेले केबिनचे छत सुमारे ३ इंच मागे झुकते. सपाट जमिनीवर मोजलेली ३-४ इंचांची मोकळीक अशी एका चढावर संपते.

जोडताना घ्यायची काळजी थोडक्यात अशी. किंगपिन प्लेटपेक्षा किंचित खाली असावा, म्हणजे ट्रक मागे येताना प्लेट त्याला उचलून घेते. तो वर राहिला तर जबड्यात पूर्ण न बसता वरच्या वर अडकतो. ट्रक हलताच घर सुटून हौद्याच्या कडांवर कोसळते. जबडा मिटल्याचे बॅटरीच्या उजेडात डोळ्यांनी पाहावे. मग घराचे पुढचे पाय जमिनीवर टेकलेले असतानाच त्याचे ब्रेक लावून ट्रक हलकेच पुढे ओढून पाहावा. जोडणी सुटायची असेल तर ती तेव्हाच सुटते आणि घर आपल्या पायांवर उभे राहते. ट्रक सुटल्यास घराचे ब्रेक लावणारी दोरी हिचला नव्हे, तर ट्रकला बांधावी. हिचच उखडून घरासोबत गेली, तर तिला बांधलेली दोरी ताणलीच जाणार नाही.

नवी जोडी जुळविल्यावर पहिल्याच दिवशी ती मोकळ्या, सपाट वाहनतळावर न्यावी. एकाने गाडी गोगलगायीच्या गतीने वळवावी आणि दुसऱ्याने हौद्याच्या बाजूला उभे राहून फक्त पुढच्या कोपऱ्याकडे पाहावे. कोपरा केबिनपासून चार बोटांवर आला की थांबायचे. त्या स्थितीत घराची कड बाजूच्या आरशात किंवा मागच्या काचेत कुठे दिसते, तिथे रंगीत चिकटपट्टी लावायची. मग हेच दुसऱ्या बाजूला करायचे, कारण दोन्ही बाजू सारख्या निघतीलच असे नाही. हिचची उंची बदलली, पिन बॉक्स बदलली किंवा ट्रकच्या केबिनमागे अवजारांची पेटी बसविली, की जुन्या पट्ट्या काढून टाकून हे सारे पुन्हा करावे लागते.